चप्पल घालूनच आत या

माझं स्वित्झर्लंडचं प्रवासवर्णन सोसायटीच्या दिवाळी अंकात वाचून काही जणांनी तक्रार केली होती की त्यात डोंगरांपेक्षा मीच जास्त दिसतो. त्यांना आधीच सांगून ठेवतो, याही वेळी तसंच आहे. फरक एवढाच की या वेळी मी बघण्यासारखा नाही.

प्रवास परदेशाचाच होता. बोरिवली पश्चिमेच्या माणसाला मुलुंड आणि घाटकोपर हे परदेशच. आमच्या इमारतीत बाली पाहिलेली सात-आठ कुटुंबं सहज निघतील. मुलुंड पाहिलेलं एकच आहे, आणि त्यांची मुलगी तिथे दिली आहे म्हणून. तेव्हा जे गेले नाहीत त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

बोरिवली

निमित्त माझी भाची. सायली पूर्व उपनगरातल्या एका सरकारी हॉस्पिटलात सर्जन आहे. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, पोरीची नोकरी आहे. एका रविवारी ती जेवायला आली आणि पुरीभाजीच्या शेजारी तिने पिशवी उपडी केली. आतून सायकलचा गोल आरसा बसवलेली एक काठी निघाली. मग सलाइनची एक प्लॅस्टिकची बाटली, बुचाला सुईने भोक पाडलेली. आणि मग मऊ काळ्या रबराच्या जाड चपला. एका चपलेच्या तळात, अंगठ्याच्या खाली, वाटीएवढा खड्डा कोरलेला.

"हे काय, भंगारवाली झालीस का गं?" मी विचारलं.

"मामा, जेव आणि ऐक," सायली म्हणाली.

तिने सांगितलं ते असं. मधुमेह जुना झाला की पायाची जाणीव जाते. तळव्याला जखम होते, दुखत नाही, माणूस त्याच जखमेवर चालत राहतो. ती बघायची तर खाली वाकवत नाही, म्हणून काठीवरचा आरसा. धुवायची तर बाटली दाबली की पाण्याची बारीक धार जोरात लागते. आणि भरायची तर तिच्यावर वजन पडता कामा नये, म्हणून खड्ड्याची चप्पल. जखम खड्ड्यावर अधांतरी राहते. बाहेरच्या देशांत यासाठी महागडी उपकरणं असतात. तिच्या वॉर्डात ती नसतात, म्हणून तिने आणि तिच्या सहकाऱ्यांनी ही जमवली होती.

"पण एक पाऊलसुद्धा चपलेशिवाय टाकायचं नाही. घरात नाही, संडासात नाही, झोपेतून उठल्यावर नाही. दिवसभर घालून रात्री चार पावलं अनवाणी चालला तर दिवसभराचं पाण्यात," ती म्हणाली.

घरोघर जाऊन पेशंट हे सगळं वापरतात का ते बघणारी त्यांची समाजसेविका बाळंतपणाच्या रजेवर गेली होती. मी लगेच म्हणालो, मी जातो. निवृत्त माणसाला कोणी काम दिलं नाही की तो ते ओढून घेतो. वर हेही म्हणालो की जो एकट्याने क्योटोत हॉटेल शोधू शकतो, त्याला घाटकोपर काय.

बायको पुऱ्या लाटत होती. ती म्हणाली, "सायली, दुसरं कोणी बघ. चपला घालायला सांगायला तू यांना पाठवतेयस?"

हे समजायला आमचं दार माहीत हवं. आमच्या दारावर पितळी पाटी आहे, 'पादत्राणे बाहेर काढावीत'. मजकूर माझा. जपानहून आल्यावर मी ती लावली. तिकडे चप्पल दारात काढतात, घरात घालायची वेगळी, संडासाची आणखी वेगळी. हे मी सोसायटीच्या सभेत सविस्तर सांगितलं होतं. तिथली संडासाची चप्पल घालून मी जेवणघरात गेलो होतो आणि सगळं हॉटेल माझ्या पायांकडे बघत होतं, हे मात्र सांगायचं राहिलं. तर आमच्याकडे गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊनही आधी चप्पल काढतो. बायकोच्या बोलण्यावर मी हसलो. तिने पुरी तेलात सोडली.

मुलुंड

बोरिवलीहून मेट्रोने अंधेरी, तिथे बदलून घाटकोपर, पुढे मुलुंडपर्यंत रिक्षा. अंधेरीला बदलताना मी चुकीच्या बाजूला चढलो आणि वर्सोव्याला जाऊन आलो. समुद्राचा वास मात्र छान येत होता.

मुलुंडमध्ये मला निवृत्त शिक्षिका जोशीबाईंकडे जायचं होतं. मुलुंड हे बोरिवलीसारखंच निघालं, फक्त उलटं. आमच्याकडे डोंगर पूर्वेला, त्यांच्याकडे पश्चिमेला. म्हणजे एकाच डोंगराच्या दोन बाजूंना आम्ही एकमेकांना परके म्हणून राहतो. जोशीबाईंनी साबुदाण्याची खिचडी केली होती. आमच्याकडच्यापेक्षा गोड होती, पण परदेशात नावं ठेवू नयेत.

बाई घरात ती खड्ड्याची चप्पल घालत होत्या. पण दारात त्यांच्या नाजूक कोल्हापुरी दिसल्या.

"बाहेर जाताना?" मी दरडावून विचारलं.

"बाहेर कसली घालते मी? रणगाडा घातल्यासारखं दिसतं ते. नाट्यगृहात हे घालून जाऊ?"

मी सरसावलो. एक पाऊलसुद्धा नाही, चार पावलं आणि दिवसभराचं पाण्यात, सगळं सायलीच्या शब्दांत, हातवाऱ्यांसकट सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तुम्ही शिक्षक नव्हतात ना? वाटलंच. मुलांनी वर्गातून हाकललं असतं." पण कोल्हापुरी त्यांनी माझ्यासमोर कपाटात टाकल्या. मी सायलीला फोन करून कळवलं की मुलुंड काबीज झालं.

हे एवढ्यासाठी सांगितलं की नियम मला माहीत नव्हता असं पुढे कोणाला वाटू नये. मला तो पाठ होता.

घाटकोपर

घाटकोपर पश्चिमेला टेकडीवर वस्ती आहे. रिक्षावाल्याने पायथ्याशी सोडलं आणि वर बोट दाखवलं. चढाच्या मध्यावर मी एका पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर बसलो, तर गिरणीवाल्याने न विचारता पाणी दिलं. आमच्याकडे ओट्यावर कोणी बसू नये म्हणून खिळे ठोकलेत. त्याची पाटीही मीच लिहिली आहे.

वर परबांचं घर. परबांचे वडील कोकणातून कापडगिरणीत कामाला आले होते. परब स्वतः शाळेची बस चालवत. पन्नाशीचा, हसऱ्या चेहऱ्याचा माणूस. उजव्या पायाच्या तळव्याला, अंगठ्याच्या मुळाशी जखम होती आणि ती बरेच महिने भरत नव्हती. सायलीने निघताना मला बजावलं होतं, "मामा, परबांचं घर सगळ्यांत महत्त्वाचं. जखम भरतेय, पण हाडाच्या अगदी जवळ आहे. बिघडली तर अंगठा जाईल. ब्रेक मारायचा पाय आहे तो. अंगठा गेला तर बस गेली."

दारात परबवहिनी उभ्या होत्या. "येवा, येवा. दमलात काय? चढाव मोठो आसा."

मी बूट काढले. डाव्या मोज्याला भोक होतं, तिकडे कोणी बघितलं नाही. खोली लहान होती पण अशी पुसलेली की फरशीत ट्यूबलाइट दिसत होती. हॉस्पिटलचा माणूस येणार म्हणून वहिनींनी सकाळपासून घर घासलं होतं. समोरच्या भिंतीला गणपती, ताज्या जास्वंदीची फुलं, उदबत्ती. देवाच्या पुढ्यातच सतरंजी टाकली होती. तिच्यावर मी बसलो.

आतल्या मोरीकडून परब आले. पायात त्या काळ्या जाड चपला. ओल्या फरशीवर चपचप वाजवत ते थेट सतरंजीकडे, देवाकडे आले, हात पुढे करून.

आणि मी हसत हसत म्हणालो, "अहो परब, देवासमोर चप्पल?"

विचार करून बोललो नाही. दारावरची पितळी पाटी बोलली म्हणा. परब जागच्या जागी थांबले. चेहरा कानापर्यंत लाल झाला. त्यांनी दोन्ही चपला काढल्या, हातात घेतल्या, दाराबाहेर जाऊन माझ्या बुटांशेजारी सरळ लावून ठेवल्या आणि अनवाणी परत आले. बँडेजवाला पाय फरशीवर पूर्ण टेकवून.

इथपर्यंत मी मूर्ख होतो. पुढचं मूर्खपणात बसत नाही.

वहिनी स्वयंपाकाच्या ओट्याकडून म्हणाल्या, "डॉक्टरबायनी घरात पण घालूक सांगल्यानी ना?"

तेव्हा मला आठवलं. लख्ख आठवलं. सायली आठवली, जोशीबाई आठवल्या. पण माझ्यासमोर ताट आलं होतं. आंबोळ्या, काळ्या वाटाण्याची उसळ. आणि आत्ताच ऐटीत टोकलेल्या माणसाला, अहो मीच चुकलो, घाला परत, असं म्हणायचं म्हणजे मोज्यातलं भोक दाखवण्यासारखं वाटलं. मी आंबोळीचा तुकडा मोडत म्हणालो, "एवढ्या वेळाने काय होतंय."

एवढा वेळ बराच झाला. परबांनी मला उसळ वाढली, पाणी आणलं, परत उसळ वाढली. सोलकढीचा पेला भरून आणला. मग गच्चीवर नेलं आणि खालचं घाटकोपर, मेट्रोचा पूल, लांब विक्रोळीकडची खाडी दाखवली. बसचा रस्ता बोटाने दाखवला, कुठल्या वळणावर कुठलं पोर चढतं ते सांगितलं. "एक पोरगी आहे, तिला रोज सगळ्यांत शेवटी उतरायचं असतं. मी विचारलं का गं, तर म्हणते तुमचं गाणं संपू दे," परब म्हणाले. गाणं कसलं, गिअर टाकताना गुणगुणतो तेवढंच. मी दृश्याचे भरपूर फोटो काढले. तळव्याचा फोटो काढायला मला पाठवलं होतं, तो काढायचा राहिला. आरसा पिशवीतच राहिला.

निघताना मला फरशीवर गुलाबीसर थेंब दिसले. दारापासून सतरंजीपर्यंत. सोलकढी सांडली असं मला वाटलं. मी पाय जपून टाकला, मोजा खराब होऊ नये म्हणून.

परब चढावाच्या तोंडापर्यंत पोहोचवायला आले. तेवढ्यापुरती त्यांनी चप्पल घातली होती.

हॉस्पिटल

पुढच्या आठवड्यात परबांचा ड्रेसिंगचा दिवस होता. सायलीने मला बोलावलं होतं, म्हणाली ये, तुझ्या मोहिमेचं फळ बघ. मी नवा शर्ट घालून गेलो.

ड्रेसिंगच्या खोलीत परब टेबलावर पाय लांब करून बसले होते, वहिनी उशाशी. सायलीने पट्टी सोडवली. वास आधी आला. तिने भोकाच्या बुचाची बाटली घेतली आणि धार मारायला सुरुवात केली. धार आत जात राहिली. मग एक बारीक सळी घेऊन तिने जखमेत घातली, आणि सळी आत कशावर तरी टक्कन वाजली, हाडावर. तो आवाज फारच लहान होता.

"परब, चप्पल घालत नव्हतात ना घरात?" तिने विचारलं.

परबांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "नाय मॅडम. माझीच चूक. आळस केला."

"आळस? गेल्या वेळी किती छान भरत आली होती. मी काय सांगितलं होतं? तुम्हाला बस चालवायची आहे की नाही?"

"आहे मॅडम."

"मग? लहान आहात का तुम्ही?"

तिने पाच मिनिटं झाडलं. आजूबाजूचे पेशंट ऐकत होते. तो माणूस मान खाली घालून माझ्या वाटणीचं ऐकून घेत होता. आणि मी सलाइनच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होतो. खूप लक्ष देऊन वाचली. त्यात काय होतं ते आता एक अक्षरही आठवत नाही.

वहिनींना ते सहन झालं नाही. "खोटा कित्याक बोलतास?" त्या नवऱ्याला म्हणाल्या. मग सायलीकडे वळल्या. "ह्या सायबांनीच सांगल्यानी, देवासमोर चप्पल कित्याक म्हणान. मगे हे घरात घालीतच नाय झाले. हॉस्पिटलचो माणूस सांगता म्हटल्यार आमी काय करूचा?"

"गप गे," परब म्हणाले.

सायलीने बाटली खाली ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "मामा, तू बाहेर बस."

बाहेर बाकावर मी बसलो. समोर पाटी होती, 'शांतता राखा'. कोणी लिहिली होती कोण जाणे. मला ती थोडी आधी मिळायला हवी होती.

पुन्हा हॉस्पिटल

अंगठा गेला.

मी सायलीला विचारलं, हे माझ्यामुळे झालं का. ती हात धूत होती. म्हणाली, "मामा, तुझ्यामुळेच असं म्हणता येणार नाही. साखर होती, रक्त नीट पोहोचत नव्हतं. पण तुझ्यामुळे नाही असंही म्हणता येणार नाही." मग नळ बंद करून म्हणाली, "जपानचं मला दहा वेळा सांगितलंस. घरातली वेगळी, बाहेरची वेगळी. घाटकोपरला एकदाही आठवलं नाही?"

मी म्हणालो, "काही काम दे."

"माशांच्या दुकानात जा," ती म्हणाली. मला वाटलं चिडून बोलतेय. पण खरंच काम होतं. काचेच्या टाकीत माशांसाठी बुडबुडे सोडणारा छोटा पंप असतो ना, तो आतून उलटा जोडला की हवा फेकण्याऐवजी खेचतो. जखमेवर स्पंज, वर घट्ट चिकटणारा प्लॅस्टिकचा पातळ कागद, त्यातून नळी, मधे घाण साठायला बाटली आणि शेवटी हा पंप. जखमेतलं पाणी खेचलं जातं आणि मांस लवकर भरतं. त्यांच्याकडचे असे पंप दुसऱ्या पेशंटना लागले होते.

बोरिवलीतून मी पंप घेतला आणि मेट्रोत शिरलो. तपासणीच्या यंत्रात पिशवी गेली आणि पट्टा थांबला. पंप, गुंडाळलेली नळी, काठीला बांधलेला आरसा. सुरक्षारक्षक बाईने विचारलं, "काका, ये क्या है?"

"मछली का पंप है."

"और ये नली?"

"पेशंट के पैर में लगाने का."

"मछली का पंप पैर में?"

मागे रांग वाढत होती. मी सगळं समजावून सांगायला लागलो, तर तिने हात केला, "जाओ काका, जाओ." एरवी हा किस्सा मी रंगवून सांगितला असता. पिशवी उचलताना मला बुडबुड्यांचा पंप दिसत नव्हता, तो लहान आवाज ऐकू येत होता.

वॉर्डात परबांच्या पायाला पंप बसला आणि मांजरासारखा घुरघुरू लागला. अडचण निराळीच निघाली. चार खाटांमध्ये एकच प्लग. शेजारच्या पेशंटचा मुलगा आला, त्याने आमची पिन काढली आणि मोबाइल लावला. घुरघुर थांबली.

"ए, ते काढू नको रे," मी म्हणालो.

"काका, पाच मिनिटं ना यार, दोन टक्के राहिलेत."

"एवढ्या वेळाने काय होतंय, असंच ना?" मी म्हणालो. त्याला वाटलं मी टोमणा मारला. तो टोमणा त्याच्यासाठी नव्हता.

मी स्टूल ओढलं आणि प्लगखाली बसलो. भेटीच्या वेळेत रोज बसत गेलो. पाटी लिहिली नाही. परब झोपलेले असले तरी मी तिथेच असायचो, आणि जागे असले तर आम्ही फारसं बोलत नसू. एकदा मी तोंड उघडलं, "परब, तेव्हा मी—"

"साहेब," ते म्हणाले, "तुमी लोक आलात म्हणून तर घर एवढं पुसलं होतं तिने." एवढंच. माफ केलं की नाही ते मला कळलं नाही, आणि विचारायचा अधिकारही नव्हता.

वहिनी माझ्याशी बोलत नव्हत्या. डबा आणायच्या, परबांना भरवायच्या, मला वाढायच्या नाहीत. ते बरोबर होतं. एके दिवशी सायलीने त्यांना बाजूला घेऊन विचारलं, चपलेत नेमकं काय अडतं. वहिनी म्हणाल्या, "भायरची वहाण देवासमोर कशी आणूची? तुमीच सांगा."

सायलीने त्या आठवड्यात दुसरा जोड करून घेतला. तसाच, पण पांढऱ्या रबराचा, आणि रस्ता कधीच न बघितलेला. तो तिने कागदात गुंडाळून वहिनींच्या हातात दिला, परबांच्या नाही. आता सगळ्याच पेशंटना दोन जोड देतात, काळा बाहेरचा आणि पांढरा घरचा.

घाटकोपर, शेवटचं

जखम भरत आल्यावर सायलीने तपासायला मला पाठवलं. "दुसरं कोणी नाही का?" मी विचारलं. "आहे. पण तू जा," ती म्हणाली.

चढ तेवढाच होता. गिरणीवाल्याने या वेळीही पाणी दिलं. दारात बूट काढले. मोजे नवे होते. आत फरशी तशीच पुसलेली, गणपतीला जास्वंद. परब सतरंजीवर बसले होते, पायात पांढरा जोड. एका चपलेच्या पट्ट्यावर कुंकवाचं बोट लावलेलं दिसत होतं. घरात घेण्याआधी वहिनींनी लावलं असणार.

मी उंबऱ्यातच थांबलो. पाय पुढे होईना.

परब उठले. उजवा पाय जरा आडवा टाकत, चपचप वाजवत, देवाच्या पुढ्यातून माझ्यापर्यंत आले. चेहऱ्यावर मिस्कील हसू होतं.

"सायबानू, चप्पल काढू काय?"

वहिनी ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, त्यांची पाठ हलली. हसल्या की नाही सांगता येत नाही. मी हसायचा प्रयत्न केला, जमला नाही.

काठीवरचा आरसा या वेळी बाहेर काढला. तळव्याचा फोटो काढला. कातडं ताजं, गुलाबी आणि कोरडं होतं. बसचं विचारलं, तर परब म्हणाले, "दुसरो चालवता आता. शाळेवाले म्हणतात बघू. मी पण म्हणतो बघू." खिडकीबाहेर रस्ता होता, तिकडे त्यांनी या वेळी बोट केलं नाही.

बोरिवलीची पितळी पाटी मी उतरवलेली नाही. खाली एक कागद चिकटवला आहे, 'पायाला जखम असल्यास चप्पल घालूनच आत या'. बायको म्हणते, आपल्याकडे कोण येणार आहे तसं? परबांना मी बोलावलं आहे. ते म्हणाले, बघू.

त्या दिवशी परबांकडून निघायला उठलो तेव्हा वहिनींनी न बोलता माझ्यापुढे सोलकढीचा पेला ठेवला. मी पेला उचलला आणि आधी फरशीकडे बघितलं. दारापासून सतरंजीपर्यंत. कोरडी होती. मग प्यालो.